खोकल्याची वही गावानं ठेवली पाहिजे

पिंगळी (जि. परभणी)



आपल्या बैठकांत जमिनीवर बोलणं होतं. दावा कुठं अडकला, पट्टा कोणाला मिळाला, मोजणीला कोण आलं नाही, यावर रात्र रात्र बोलणं होतं. ते झालंच पाहिजे. पण खाण येणार, क्रशर येणार, कोळशाचं वीजकेंद्र येणार असं कानावर आलं की आपले प्रश्न दोनच असतात. जमीन किती जाणार? आणि नोकरी कितीजणांना लागणार? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही : आपल्या लेकराबाळांच्या छातीत काय जाणार?

आमचं म्हणणं असं, की हा तिसरा प्रश्न पहिल्या दोन्हींच्या बरोबरीनं विचारला पाहिजे. आणि नुसता विचारून भागणार नाही. त्याचं उत्तर लिहून ठेवायचं काम ग्रामसभेनं स्वतःच्या हातात घेतलं पाहिजे. डॉक्टर येतील, साहेब येतील, मग तपास होईल, असं म्हणत बसलो तर तपास होतो खरा, पण तोवर माणसं आजारी पडून गेलेली असतात. असं का म्हणतो, ते मुंबईतल्या एका वस्तीवरून सांगतो.

माहुलचं काय झालं

मुंबईत चेंबूरच्या बाजूला माहुल नावाचं गाव आहे. मूळचा कोळीवाडा. समुद्रावर जगणारी माणसं, आपण जशी जंगलावर जगतो तशी. त्यांच्या गावाभोवती तेल शुद्ध करायचे मोठे कारखाने उभे राहिले, खताचा कारखाना आला, वीजकेंद्र आलं, रसायनं साठवायच्या टाक्या आल्या. हवेला वास यायला लागला. डोळे चुरचुरायला लागले, दम लागायला लागला. लोक तक्रारी करत राहिले. तक्रारीवर एकच उत्तर मिळायचं : पुरावा काय?

मग 2013 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयानं तिथल्या लोकांची पाहणी केली. केईएम म्हणजे महापालिकेचंच रुग्णालय. पाहणीत दिसलं ते असं : शंभरातल्या 67.1 लोकांना महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत होता. 86.6 टक्के लोकांचे डोळे जळजळत होते. 84.5 टक्के लोकांना छाती कोंडल्यासारखी वाटत होती. गावातल्या माणसांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला होता, तिथं ही पाहणी कामी आली. 18 डिसेंबर 2015 रोजी लवादानं मान्य केलं की माहुल आणि आंबापाडा इथल्या हवेमुळं लोकांच्या आरोग्याला धोका आहे. पुढं ऑगस्ट 2020 मध्ये लवादानं चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपये भरायला सांगितलं.

आता खरी गोष्ट पुढं आहे. लवादानं 2015 मध्ये धोका आहे म्हणून सांगितलं, आणि 2017 मध्ये त्याच माहुलात नवीन माणसं आणून बसवली. तानसा धरणाची पाइपलाइन मुंबईतून जाते, तिच्या कडेच्या झोपड्या हटवल्या. तिथली कुटुंबं माहुलच्या 72 इमारतींच्या वसाहतीत पाठवली. अशी हजारो कुटुंबं. कागदावर लिहिलं गेलं, 'पुनर्वसन पूर्ण'. घर पक्कं होतं, नळ होता, लाइट होती. हवा कशी आहे हे त्या कागदाच्या कोणत्याच रकान्यात नव्हतं. मग आजार सुरू झाले. बायका पुढं आल्या. 2018 मध्ये लोक माहुल सोडून पाइपलाइनीच्या कडेला, रस्त्यावर येऊन बसले. पक्कं घर सोडून माणूस रस्त्यावर का येतो, याचा विचार करा. शेवटी सप्टेंबर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की कोणालाही माहुलला जबरदस्तीनं पाठवू नका. दुसरीकडं घर द्या, नाहीतर महिना 15,000 रुपये भाडं आणि 45,000 रुपये अनामत द्या.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली : लोक ओरडत होते तोवर कोणी ऐकलं नाही, आकडा आला तेव्हा ऐकलं. दुसरी : ज्याचा आवाज कमी त्याला वाईट हवेत पाठवतात. विस्थापन म्हणलं की आपणच आठवतो. तेव्हा उद्या कोणी पुनर्वसनाची जागा दाखवली तर नुसत्या खोल्या आणि नळ मोजू नका. त्या जागेला आधीपासून राहणाऱ्या माणसांना विचारा, रात्री झोप लागते का, पोरं खोकतात का.

हे मुंबईचं झालं, आपल्याकडं काय?

कोणी म्हणेल, बाबा, मुंबई लांब आहे. बरं. पिंगळी स्टेशनावरून गाडीत बसून परभणीला गेलं आणि तिथून गाडी बदलली की गंगाखेडवरून परळी येते. परळीचं औष्णिक वीजकेंद्र जुनं आहे. आपल्या देशातल्या कोळशात राख लई. शंभर किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते. जड राख खाली पडते, हलकी राख धुरासंगं वर जाते. तिला पकडायला यंत्र असतं. ते यंत्र नीट चाललं तर बरीचशी राख अडते, बंद पडलं किंवा बंद ठेवलं तर ती राख आजूबाजूच्या पिकावर, घरावर, पाण्यावर येऊन बसते. पकडलेली राखही तळ्यात साठवतात. तळं वाळलं की वारा तिला उचलतो. उघड्या टिप्परमधून नेली की रस्ताभर उडते.

चंद्रपूर तर जंगलाचाच जिल्हा. ताडोबा तिथंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये देशातल्या 88 औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले. ज्याला 70 पेक्षा जास्त गुण, तो अतिप्रदूषित. चंद्रपूरला 83.88 गुण मिळाले आणि देशात चौथा नंबर लागला. 2010 मध्ये अशा भागांत नवीन कारखान्यांना काही काळ बंदी घालावी लागली. शाळेत आपल्या पोरांना इतके गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते. इथं जास्त गुण म्हणजे जास्त आजार.

आणि आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला जातात, वीटभट्टीवर जातात, क्रशरवर जातात. म्हणजे कारखाना गावाजवळ आला नाही तरी आपण त्याच्याजवळ जातो. सहा महिने धूर आणि धूळ खाऊन परत येतो. खोकला घेऊन दवाखान्यात गेलं तर काय होतं ते आम्ही एका दवाखान्यात बघितलं. आमच्यातला एकजण भट्टीवरून आलेला. केसपेपरवर 'खोकला' एवढं लिहिलं, गोळ्या दिल्या. काम काय करतोस, कुठं राहतोस, घराजवळ काय आहे, कोणी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून लिहिलं नाही. लिहिलं नाही म्हणून सरकारच्या हिशेबात तो आजार भट्टीचा झालाच नाही. असे किती खोकले कुठल्याच हिशेबात नाहीत!

छातीत नेमकं काय जातं

हे थोडं समजून घेऊ, म्हणजे साहेबांपुढं बोलताना अडखळायला होत नाही. धुरात आणि धुळीत मोठे कण असतात, ते नाकात, घशात अडकतात आणि शेंबडात, खाकऱ्यात बाहेर पडतात. पण सगळ्यात बारीक कण असतात त्यांना पीएम 2.5 म्हणतात. माणसाच्या केसाच्या जाडीचे तीस भाग केले तर त्यातला एक भाग, एवढे ते बारीक. ते अडकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाला जातात, तिथून रक्तातही उतरतात. म्हणून यातून नुसता दमाच होत नाही, हृदयाचाही त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2013 मध्ये प्रदूषित हवेला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं आहे.

आपल्या सरकारची मर्यादा अशी आहे की वर्षाच्या सरासरीत एका घनमीटर हवेत हे बारीक कण 40 मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून म्हणते, 5 च्या वर नसावेत. म्हणजे आपली मर्यादा आठपट ढिली आहे. कोणी म्हणलं, "हवा मर्यादेत आहे," तर विचारायचं, कोणत्या मर्यादेत?

अलिराजपूरच्या आदिवासींनी करून दाखवलं

आपल्या नंदुरबारला लागून मध्य प्रदेशातलं अलिराजपूर आहे. अलिराजपूर, झाबुआ, धार इथले भिल, भिलाला आदिवासी मजुरीसाठी गुजरातमध्ये गोध्र्याकडं दगडाची भुकटी करायच्या कारखान्यांत जायचे. पांढरी, पिठासारखी धूळ. काही महिने काम करून माणूस घरी यायचा तो वाळत जायचा आणि मरायचा. दवाखान्यात म्हणायचे, टीबी आहे. टीबीची औषधं खाऊनही माणूस मरायचा. तो टीबी नव्हता. दगडाच्या धुळीनं फुप्फुस दगडासारखं होतं, त्याला सिलिकोसिस म्हणतात. त्याला बरं करणारं औषध नाही.

तिथल्या संघटनांनी गावोगाव, घरोघर जाऊन याद्या केल्या. कोण कामाला गेलं होतं, किती महिने, आता कसं आहे, कोण मेलं. त्या याद्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरात सरकारला सांगितलं, मेलेल्या 238 मजुरांच्या घरच्यांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्या. मेलेलं माणूस पैशानं परत येत नाही. पण याद्या केल्या नसत्या तर ती सगळी माणसं टीबीनं मेली, असंच कायमचं लिहिलं गेलं असतं.

पुरावा जमवणं आपल्याला नवीन नाही

वनहक्काच्या दाव्याच्या वेळी आपण काय केलं? 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण तिथं कसतो हे दाखवायचं होतं. पावत्या शोधल्या, जुन्या दंडाच्या चिठ्ठ्या काढल्या, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेतले, बांध, विहिरी, देवाची ठिकाणं दाखवली. सुरुवातीला हसणारे अधिकारीही होते. पण कायदा म्हणतो की वडीलधाऱ्यांचा जबाब हाही पुरावा आहे. ज्या ग्रामसभांनी नीट कागद केले त्यांचे दावे पुढं सरकले.

हवेचंही तेच आहे. इथंही 'आधी' काय होतं आणि 'नंतर' काय झालं हे दाखवावं लागतं. कारखाना आल्यावर वही काढली तर 'आधी' कुठून आणणार? म्हणून वही आज सुरू करायची, गावात स्वच्छ हवा आहे तेव्हाच.

वही कशी ठेवायची

दोनशे पानी वही घ्या. दर घराला एक नंबर द्या. गावातली शिकलेली दोन पोरं आणि दोन पोरी निवडा. महिन्यातून एकदा घरोघर जायचं आणि सगळीकडं तेच प्रश्न विचारायचे, आपल्या मनानं बदलायचे नाहीत. वय, काम, गावात किती वर्षं. घरात चूल की गॅस. बिडी, तंबाखू. या महिन्यात खोकला किती दिवस. रात्री दम लागून उठावं लागलं का. डोळे जळजळतात का. पोरगं शाळेला किती दिवस गेलं नाही, आणि कामून. दवाखान्याचा कागद असेल तर तारीख. ज्याला दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे त्याला आधी टीबीच्या तपासणीला पाठवा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. वही भरायच्या नादात माणसाचा उपचार मागं राहायला नको.

वहीच्या दुसऱ्या भागात रोजची हवा लिहा. वारा कुठून आला, धूर कोणत्या वेळी दिसला, वास कसला, पानावर, भांड्यावर काय बसलं. थंडीत पहाटे धूर वर जात नाही, जमिनीलगत पसरून राहतो, म्हणून त्या वेळी जास्त लक्ष ठेवा. रात्रीही बघा. धुरांड्याचा रंग रात्री बदलतो का हे दिवसा आलेल्या साहेबाला कळणार नाही, राखणीला गेलेल्या माणसाला कळतं.

कंपनीचे लोक काय म्हणतील ते आम्ही आत्ताच सांगतो. "तुमच्या बायका चुलीवर स्वयंपाक करतात, तुम्ही बिड्या ओढता, म्हणून खोकता." यात खोटं काहीच नाही असं नाही. चुलीचा धूर वाईटच. म्हणूनच ते लपवायचं नाही, लिहायचं. आणि लांबच्या एका गावाचीही अशीच वही ठेवायची, जिथं चूल तीच, बिडी तीच, पण कारखाना नाही. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. चूल दोन्हीकडं आहे आणि दम एकीकडंच जास्त लागतो, तर तो चुलीचा कसा? एवढा साधा हिशेब आहे. पण खोटी नोंद एकही नको. एक खोटी नोंद सापडली की शंभर खऱ्या नोंदी वाया जातात.

आणि वही कोणाच्या हातात द्यायची नाही. आजार ही माणसाची खाजगी गोष्ट आहे. नावांची यादी ग्रामसभेकडं राहील, बाहेर फक्त नंबर आणि बेरीज जाईल. पोरींच्या, बायांच्या आजाराची चर्चा पारावर होता कामा नये.

कायद्यानं काय मागता येतं

हवेचा कायदा 1981 चा आहे. कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं, त्यात धुरांड्यातून किती सोडायचं ते लिहिलेलं असतं. ते माहिती अधिकारात मागता येतं. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही खर्च नाही, तीस दिवसांत उत्तर. प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला खोकल्याचे, दम्याचे किती रुग्ण आले तेही आकडे मागा, तीन-चार वर्षांचे.

मोठ्या प्रकल्पाला 2006 च्या अधिसूचनेप्रमाणं जनसुनावणी घ्यावी लागते. तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो. सुनावणीचं चित्रीकरण होतं. आणि शेवटी कोण काय बोललं ते सगळ्यांसमोर, आपल्या भाषेत वाचून दाखवावं लागतं. हे वाचल्याशिवाय उठायचं नाही. सुनावणीला किती लोक हवेत अशी अट नाही, म्हणजे आपण गेलो नाही तरी ती झाली असंच धरतात. तेव्हा जायचंच.

आम्ही बघितलेल्या एका सारांशात आरोग्याच्या नावाखाली काय होतं? दवाखाने किती, खाटा किती, अँब्युलन्स किती. माणसं किती खोकतात याची एक ओळ नव्हती. हवा मोजली होती ती एका हंगामाची. आपल्या वहीत बारा महिने असतील तर सांगा, जास्त वजन कोणाच्या कागदाला? सुनावणीत शिव्या देऊन किंवा माइक हिसकावून कंपनीचं काही बिघडत नाही. ग्रामसभेच्या ठरावासंगं वहीची बेरीज जोडून दिली, पोच घेतली, तर तिला उत्तर द्यावं लागतं.

आमचा परभणी जिल्हा पेसात येत नाही, हे खरं. पण वनहक्क कायदा पेसाबाहेरही लागू आहे. त्याच्या कलम 5 मध्ये ग्रामसभेला जंगल, पाणी आणि आपला अधिवास जपायचा अधिकार दिलाय. जिथं माणूस श्वास घेऊ शकत नाही तो अधिवास कसला?

"मग पोट कसं भरायचं?"

हा प्रश्न दरवेळी येतो आणि तो टाळायचा नाही. आमच्या वयाच्या पोरांना काम पाहिजे. बारावी होऊन घरी बसलेले आम्हीही आहोत. म्हणून आम्ही असं म्हणत नाही की एकही धुरांडं नको. पण काम देतो म्हणून फुप्फुस लिहून मागायचा अधिकार कोणालाच नाही. राख पकडणारं यंत्र रात्रीही चालवा, गाडीवर ताडपत्री टाका, रस्त्यावर पाणी मारा, वस्तीपासून लांब राहा, दरवर्षी गावाची तपासणी करा आणि कागद गावाला द्या. यात अशक्य काय आहे? आणि जे लोक म्हणतात की आधी पोट, मग आरोग्य, त्यांनी गोध्र्याहून परत आलेल्या माणसाला विचारावं. दम लागणाऱ्या माणसाला मजुरीही मिळत नाही. पोट आणि छाती एकाच माणसाची आहे.

पुढच्या महिन्याच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव करा : गाव आरोग्याची वही ठेवणार. वही लिहिणारांची नावं ठरवा. लांबचं सोबतीचं गाव ठरवा. बायांना पुढं घ्या, कारण रात्री पोरगं खोकलं तर उठते ती मायच, आणि कोणतं पोरगं कधीपासून खोकतं हे तिला पाठ असतं. तिच्या तोंडचं कागदावर उतरवायचं, एवढंच आपलं काम.

जमिनीचा सातबारा मिळवायला आपण झगडतो आहोत, झगडत राहू. हवेचा सातबारा कोणाच्या नावावर होत नाही, म्हणून ती फुकटात खराब करायला मोकळी आहे असं त्यांना वाटतं. ती आपण सगळे मिळून कसतो, हे त्यांना आपल्या वहीनं सांगू.

जल, जंगल, जमीन आणि हवा — आमच्या गावात आम्हीच सरकार!

जिंदाबाद!